खुबे धरलेला राखणदार

दसरा तोंडावर आला की आपल्या बीड जिल्ह्यात एकच लगबग सुरू होते. मुकादमाची उचल घेऊन झालेली असते, कोयते पाजळून ठेवलेले असतात आणि पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूरच्या डोंगरपट्ट्यातली गावं हळूहळू रिकामी व्हायला लागतात. तरणी माणसं ऊसतोडीला जातात. तरणं कुत्रंही ट्रॅक्टरमागं पळत सुटतं, ट्रॉलीत चढतं आणि कारखान्यावरच्या कोपीपर्यंत पोचतं. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेत जाणारी काही लेकरं आणि खुबे धरलेली म्हातारी कुत्री. या कुत्र्यांच्या दुखण्याबद्दल आज लिहितोय, कारण त्याबद्दल कुणाला विचारलं की एकच उत्तर मिळतं: ‘‘त्याला काय होतंय? वय झालं आता त्याचं.’’

वय झालं हे खरंच. पण दुखतंय त्याचं काय? सांध्यातल्या हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. ती झिजते, सांधा आतून सुजतो, हाडाला कंगोरे फुटतात आणि पाऊल टाकलं की कळ येते. गेलेली कूर्चा परत येत नाही, पण कळ पुष्कळ कमी करता येते. तेवढ्यानं कुत्र्याची शेवटची दोन-तीन वर्षं पार बदलून जातात.

कुत्रं दुखणं सांगत नाही, लंगडेपर्यंत तर अजिबात नाही. आमचा खंड्या गावठी, अंगानं तांबूस, आता तोंडाभोवती पांढरा झालेला. तो उठतो कसा ते मी रोज पाहतो. आधी पुढचे पाय रोवतो, छाती उचलतो, मग मागचा भाग ओढून वर घेतो. मांड्या थरथरतात. दहा-बारा पावलं आखडत टाकतो आणि मग जरा मोकळा होतो. लघवीला पाय वर करायचं त्यानं केव्हाच सोडलं, मादीसारखा खाली बसतो. डॉक्टरांनी त्याचा मागचा पंजा उलटा करून दाखवला तेव्हा मधल्या दोन नखांची टोकं वरच्या अंगानं घासलेली होती. पाय पुरता उचलला जात नाही, जमिनीवरून फरफटतो, म्हणून नखं अशी झिजतात. पुढची छाती भरदार आणि मागच्या मांड्या वाळलेल्या दिसल्या तर समजावं की त्यानं अंगाचा भार पुढं ढकललाय.

मात्र प्रत्येक लंगडणं संधिवाताचं नसतं. आपल्याकडं आधी पंजा उघडून बाभळीचा काटा पाहावा. गोचिडांमुळं येणाऱ्या तापातही सांधे सुजतात आणि त्याचा इलाज अगदी वेगळा आहे. रक्त तपासल्याशिवाय तो ताप कळत नाही.

आता गोळीचं. सगळ्यात जास्त घात इथंच होतो. घरात आजीच्या गुडघ्याची गोळी असतेच. मायेपोटी त्यातलीच अर्धी भाकरीत घालून कुत्र्याला दिली जाते. ही गोळी बहुतेक वेळा डायक्लोफेनॅकची असते. तिनं कुत्र्याच्या जठराला, आतड्याला जखमा होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. आयबुप्रोफेनचं तसंच. पॅरासिटामॉलचं प्रमाण चुकलं की यकृतावर बेततं आणि मांजराला तर थोडंसंही जीवघेणं ठरतं. चोळायच्या मलमांतही कापरासारखी द्रव्यं असतात. कुत्रं ते चाटून काढतं आणि सगळं पोटात जातं.

याच डायक्लोफेनॅकनं आपल्या आभाळातली गिधाडं संपवली. दुखऱ्या जनावराला ते टोचलं जायचं, जनावर मेलं की गिधाडं त्यावर उतरायची आणि मूत्रपिंड बंद पडून मरायची. २००४ साली हे कारण उघड झालं आणि २००६ मध्ये सरकारनं जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. त्याच्या जागी मेलोक्सिकॅम आलं, ते गिधाडांना सोसतं. पशुवैद्य कुत्र्याच्या सांध्यांसाठीही पुष्कळदा तेच देतात, पण वजन करून, मोजून आणि जेवणानंतर. दीर्घकाळ द्यायचं तर मूत्रपिंड आणि यकृताची रक्ततपासणी आधी होते, मधूनमधून पुन्हा होते. त्याच्या जोडीला स्टिरॉइड किंवा दुसरी वेदनाशामक गोळी कधीही देऊ नये. उलटी झाली, शी डांबरासारखी काळी झाली किंवा कुत्र्यानं अन्न सोडलं तर गोळी तिथंच थांबवून डॉक्टरांना कळवावं.

जुन्या उपायांबद्दलही बोललं पाहिजे. बिब्बा लावणं आणि डागणं अजून चालू आहे. बिब्ब्यानं कातडी भाजते, डागल्यानं जखम होते आणि आतला सांधा होता तसाच राहतो. नव्या वेदनेपुढं जुनी काही दिवस दिसत नाही, म्हणून गुण आल्यासारखं वाटतं. हे बंद व्हायलाच हवं, बैलांचंही. शेक मात्र खरोखर चांगला. तव्यावर गरम केलेल्या मिठाची पुरचुंडी आधी आपल्या मनगटाला लावून पाहायची आणि मग त्याच्या खुब्यावर हलकेच धरायची. थंडीच्या दिवसांत खंड्या त्यासाठी स्वतःहून कूस वळवून देतो.

घरंही बदलली. सारवलेल्या जमिनीवर, खडबडीत शहाबादीवर कुत्र्याचं पाऊल ठरायचं. आता चकचकीत टाइल्स आल्या, त्यावर मागचे पाय फाकतात आणि दुखरा खुबा आणखी दुखावतो. त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर बारदाना अंथरावा, निजायला जुनी वाकळ चौपदरी करून द्यावी, वाढलेली नखं कापावीत. चालणंही बंद करू नये. लांब एका फेरीऐवजी थोड्या थोड्या अंतराच्या दोन-तीन फेऱ्या, त्याही उन्हाच्या आत.

वजनाचा प्रश्न वस्तीवर फारसा नाही, तो बीड, अंबाजोगाई, परळीच्या बंगल्यांत आहे. तिथल्या लॅब्राडॉरला दूध, बिस्किटं, साखर असं सगळं चालू असतं. अमेरिकेत पुरीना कंपनीच्या संशोधकांनी ४८ लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाऊ घातलं, जन्मभर. २००२ साली निष्कर्ष छापून आले. कमी खाणारी कुत्री साधारण १३ वर्षं जगली, दुसरी ११ वर्षं आणि काही महिने. सांध्यांच्या औषधाची गरजही त्यांना सुमारे तीन वर्षं उशिरा लागली. इतका स्वस्त इलाज दुसरा नाही. माशाच्या तेलाचा थोडा गुण येतो. महागड्या ग्लुकोसामाइनच्या डब्यांवर पैसे घालण्याआधी मात्र डॉक्टरांना दोनदा विचारावं.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाय-बैलांची रांग असते, कुत्रं तिथं घाबरतं आणि लंगडायचंच विसरतं. म्हणून घरी उठता-चालतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्यावा. फिरत्या पथकाचा १९६२ हा क्रमांक मुख्यतः जनावरांसाठी असला तरी विचारायला पैसे पडत नाहीत. पुढच्या तपासणीसाठी परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय माजलगाव-पाथरीवरून फार लांब नाही.

फडावर निघालेल्यांना एवढंच सांगणं आहे. निघायच्या आधी एक चक्कर दवाखान्यात मारा, गोळी किती आणि कधी ते घरच्या शाळकरी लेकराकडून वहीत लिहून घ्या आणि आजीच्या गोळ्यांची पिशवी वेगळ्या खुंटीला टांगा. कुत्र्याचं पाणी आणि वाकळ पायरी चढावी लागणार नाही अशा जागी, पडवीतच ठेवा.