बंद केलेल्या कनेक्शनचं बिल कोण भरतं?

गेल्या वर्षभरात आंबिवली-मोहने परिसरातल्या बायकांच्या बैठकांमध्ये एक तक्रार पुन्हा पुन्हा येते आहे. घरातलं इंटरनेटचं किंवा फोनचं कनेक्शन बंद केलं तरी कंपनीचं बिल येतच राहतं. ते भरलं नाही की वसुलीचे फोन सुरू होतात. कार्यकर्त्यांच्या बैठकीत मी हा विषय मांडला तेव्हा एका जुन्या मैत्रिणीनं विचारलं, "आपल्याकडे मारहाणीच्या, पोटगीच्या केसेस पडून आहेत. दोन-चार हजारांच्या बिलात आपण वेळ का घालवायचा?"

प्रश्न प्रामाणिक होता. कामाचा बोजा सगळ्याच संघटनांवर आहे. तरीही मला वाटतं, हा प्रश्न किरकोळ म्हणून बाजूला सारण्यासारखा नाही. बिलाच्या या भांडणात बाईचे श्रम आहेत, घरातलं तिचं स्थान आहे आणि कायद्यानं तिला काय मानलं आहे तेही आहे.

नाव त्याचं, निस्तरणं तिचं

मोहन्याचा एनआरसी कारखाना नोव्हेंबर २००९ मध्ये बंद पडला. हजारो कामगारांची देणी वर्षानुवर्षं अडकून राहिली. तेव्हापासून या भागातली कितीतरी घरं बायकांच्या कमाईवर चालली. कुणी पोळीभाजीचे डबे करते, कुणी शिवणकाम, कुणी आंबिवलीहून लोकल पकडून कल्याणच्या सोसायट्यांमध्ये घरकामाला जाते. लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाईलवर आली आणि पोरांच्या अभ्यासासाठी अशा अनेक घरांनी वायफाय घेतलं. पैसे बहुतेक ठिकाणी बाईनं भरले. कनेक्शन मात्र नवऱ्याच्या नावावर, कारण आधार कार्ड त्याचं मागितलं आणि मोबाईल नंबरही त्याचाच दिला गेला.

आमच्या गटातल्या एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांचा प्लॅन महिना ४९९ रुपयांचा होता, १८ टक्के जीएसटी धरून ५८९ रुपये. शाळा नेहमीसारखी सुरू झाली, खर्च झेपेना, म्हणून त्यांनी कनेक्शन बंद करायचं ठरवलं. कस्टमर केअरला फोन केला तर उत्तर मिळालं, "मॅडम, कनेक्शन ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच बोलायला सांगा." नवरा पहिल्या दोन वेळा टाळत राहिला, तिसऱ्या वेळी त्याच्याकडून फोन करवून घेतला. "माणूस येऊन डबा घेऊन जाईल" असं सांगण्यात आलं. डबा म्हणजे राउटर. माणूस आलाच नाही. चार महिन्यांची बिलं मात्र आली, त्यात राउटरचे १५०० रुपये धरून मागणी ३८५५ रुपयांवर गेली. ताई दोन घरी भांडी करतात, त्यांची जवळजवळ एका महिन्याची कमाई.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट पुढची आहे. कनेक्शन बंद करायचं तेव्हा कंपनीला फक्त नवरा चालत होता. वसुलीच्या वेळी मात्र कंपनीला ताई चालल्या. दुपारी घरी फोन उचलणारी तीच. "तुमच्या मिस्टरांवर केस होईल, घरी माणसं येतील," हे ऐकून घेणारी तीच. संध्याकाळी नवऱ्याचं "तूच घेतलंस ना ते वायफाय, आता तूच निस्तर" हेही ऐकणारी तीच. हक्काच्या वेळी बाई अदृश्य आणि देण्याच्या वेळी बाई समोर, हा नियम आपल्याला रेशन कार्डापासून घराच्या कागदांपर्यंत सगळीकडे दिसत आलेला आहे. वायफायच्या डब्यानं तो मोडलेला नाही.

याची दुसरी बाजू त्याहून वाईट आहे. काही घरांत बाईच्या नावावर तिला न विचारता सिमकार्डं आणि कनेक्शनं घेतली जातात. नवरा किंवा दीर वापरतो, सोडून देतो आणि थकबाकीची नोटीस हिच्या नावानं येते. नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलेल्या एका मुलीला माहेरच्या पत्त्यावर अशी नोटीस आली, तेव्हा तिच्या आईनं आधी पोलिसांचाच धसका घेतला. मारहाणीच्या केसेस आणि बिलाच्या केसेस वेगळ्या असतात असं जे आपण धरून चालतो, ते अशा वेळी टिकत नाही.

कायद्याच्या लेखी ग्राहक कोण?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ग्राहकाची व्याख्या आपण बायकांनी नीट वाचायला हवी. सेवा विकत घेणारा तो ग्राहक आहेच. पण त्याच्या संमतीनं ती सेवा वापरणारी व्यक्ती, म्हणजे लाभार्थी, हीदेखील ग्राहक आहे. म्हणजे कनेक्शन नवऱ्याच्या नावावर असलं तरी घरात ते वापरणाऱ्या बायकोला स्वतःच्या सहीनं तक्रार करता येते. "साहेबांना बोलवा" हे कंपनीचं उत्तर ग्राहक आयोगापुढे शेवटचं उत्तर ठरत नाही.

मात्र या व्याख्येतला 'संमती' हा शब्द मला खटकतो. पैसे तिचे, वापर तिचा, आणि ग्राहकपण मात्र त्याच्या संमतीवर अवलंबून. नवरा सोडून गेला असेल, किंवा त्रास देण्यासाठी मुद्दाम आडमुठेपणा करत असेल, तर तिनं काय करायचं? दार उघडं आहे, पण किल्ली अजून त्याच्या खिशात आहे.

बारा वर्षं अडलेली वाट

टेलिफोनच्या बिलाविरुद्ध ग्राहक मंचाकडे जाण्याची वाट मधल्या काळात जवळपास बंदच झाली होती, हे अनेकींना माहीत नसेल. १ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एम. कृष्णन यांच्या प्रकरणात निकाल दिला की, बिलाच्या तंट्यासाठी १८८५ च्या तार कायद्यात कलम ७ ब नुसार लवादाची सोय आहे, म्हणून ग्राहक मंचाकडे येता येणार नाही. त्यानंतर अनेक मंचांनी खासगी कंपन्यांविरुद्धच्या तक्रारीही परत पाठवल्या. देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण इंग्रजांच्या काळातला तारेचा कायदा मोबाईलच्या ग्राहकाला अडवत राहिला.

ही वाट मोकळी झाली ती अहमदाबादच्या एका ग्राहकामुळे. त्यांचं महिन्याचं बिल सरासरी ५५५ रुपये यायचं. नोव्हेंबर-डिसेंबर २०१३ च्या एका महिन्याचं बिल आलं २४,६०९ रुपये. त्यांनी २०१४ मध्ये जिल्हा मंचाकडे तक्रार केली. मंचाला अधिकारच नाही, असं म्हणत कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अगरवाल या प्रकरणात न्यायालयानं कंपनीचं म्हणणं फेटाळलं आणि ग्राहक मंचाला अधिकार आहे असं स्पष्ट केलं. दरम्यान २०१९ च्या कायद्यात सेवेच्या व्याख्येत 'दूरसंचार' हा शब्दही आला होता. पुढे दूरसंचार कायदा, २०२३ मध्ये कलम ३० नुसार ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागण्याचा हक्क शाबूत ठेवला आहे.

एका महिन्याच्या बिलासाठी माणूस आठ वर्षं लढला, तेव्हा आपल्यासाठी वाट मोकळी झाली. ती आता वापरायची की नाही, हे आपल्यावर आहे.

थोडक्या रकमेचं गणित

"जाऊ दे, भरून टाक" असा सल्ला घरोघरी दिला जातो. व्यवहार म्हणून तो खोटा नाही. ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर आंबिवलीहून लोकलनं कल्याण, तिथून ठाणे, दिवसाचा खाडा आणि पगारात कपात. अशा चार तारखा पडल्या की बिलापेक्षा खाडेच जास्त. रक्कम लहान असते म्हणून माणूस सोडून देतो आणि हजारो जण सोडून देतात म्हणून ती रक्कम कंपनीसाठी लहान राहत नाही.

एकटीला न परवडणारी लढाई अनेकींना मिळून परवडते, हे आपल्या चळवळीला नवीन नाही. मुंबईत १९७२ साली महागाईविरोधात बायकांची संयुक्त समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. तेल, साखर, रॉकेल हे तेव्हाही कुणाला किरकोळ वाटतच असतील. घरखर्चाचा प्रश्न राजकीय असतो, हे त्या बायकांनी दाखवून दिलं. आजच्या घरखर्चात रिचार्ज आणि वायफाय आलं आहे, एवढाच फरक.

गटांनी काय करावं?

आमच्या ताईंच्या बाबतीत आम्ही जे केलं ते कुठल्याही बचत गटाला जमेल. पहिल्यांदा तारखा लिहून काढल्या: बंद करायला कधी सांगितलं, कुणाशी बोलणं झालं, शेवटचं बिल कधी भरलं. मग मराठीत एक पानाचं पत्र लिहिलं, "अमुक तारखेपासून सेवा नको असं कळवलं आहे, त्यानंतरची आकारणी मान्य नाही, राउटर घेऊन जा आणि पोच द्या." त्यावर ताईंनी आणि नवऱ्यानं, दोघांनी सह्या केल्या. पत्र ईमेलनं आणि रजिस्टर पोस्टानं पाठवलं. राउटर कंपनीच्या दुकानात नेऊन दिला आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय आम्ही तिघी तिथून हललो नाही. पाच आठवड्यांनी बाकी शून्य झाल्याचं पत्र आलं. ते अर्थातच नवऱ्याच्या नावानं होतं.

हे करताना काही गोष्टी पाठ असलेल्या बऱ्या. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यावाच लागतो, तो मागून घ्या. तोंडी आश्वासनाला किंमत नाही. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे विनामूल्य अपील करता येतं आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही, म्हणून तिथे अर्ज करून वाट पाहत बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील असलाच पाहिजे असं नाही, मुदत दोन वर्षांची. वकील हवाच असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे.

खात्यातून दर महिन्याला आपोआप पैसे कापले जात असतील तर कनेक्शन बंद करण्याबरोबरच बँकेतली किंवा यूपीआयवरची ती परवानगीही रद्द करा. आपल्या नावावर किती मोबाईल कनेक्शन आहेत ते सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर पाहता येतं. हे बैठकीत एकदा सगळ्यांनी मिळून करावं, विशेषतः नवऱ्याचं घर सोडलेल्या बायकांनी.

आणि वसुलीवाल्यांच्या धमक्यांबद्दल. फोनच्या बिलाची बाकी हा दिवाणी व्यवहार आहे, त्यासाठी कुणी अटक करत नाही. लोकअदालतीची नोटीस आली म्हणजे शिक्षा झाली असंही नाही. तिथे दोन्ही बाजूंना मान्य असेल तरच तडजोड होते. नोटीस आली तर घाबरून पैसे भरू नका, आपली कागदपत्रं घेऊन जा आणि बाकी मान्य नाही असं लिहून द्या.

आपल्या मागण्या

गटानं एकेक बिल रद्द करून घेणं चांगलंच, पण तेवढ्यानं भागणार नाही. मला वाटतं, आपण तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. कनेक्शन घेणं जितकं सोपं आहे तितकंच ते बंद करणं सोपं असलं पाहिजे आणि बंद करण्याच्या विनंतीची लेखी पोच मराठीतून मिळाली पाहिजे. घरगुती कनेक्शनवर पती-पत्नी दोघांची नावं लावण्याची सोय हवी, म्हणजे बाईला कुणाच्या संमतीची वाट पाहावी लागणार नाही. आणि वाद चालू असताना वसुलीचे फोन थांबले पाहिजेत.

माझ्या त्या जुन्या मैत्रिणीला माझं उत्तर असं आहे. ३८५५ रुपये मान्य नाहीत असं कंपनीला सहीनिशी लिहून देणारी बाई घरातही पुढच्या वेळी थोडी वेगळी बोलते. ताईंनी राउटरची पोच स्वतःच्या ट्रंकेत ठेवली आहे. नवरा ती मागत होता, त्यांनी दिली नाही. मारहाणीच्या केसेस आपण सोडायच्या नाहीतच, पण बाईला स्वतःच्या सहीची सवय लावायला हे बिलही उपयोगी पडतं. तुमच्या भागात असे अनुभव आले असतील तर आपल्या गटात चर्चा करा आणि जरूर लिहून कळवा. एकत्र मांडलेल्या शंभर तक्रारी एकीच्या तक्रारीसारख्या दुर्लक्षित राहत नाहीत.