पाण्याआधी निरोप, पाण्यानंतर माती : परळी तालुक्यातील पूरग्रस्तांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बीड
(प्रत : उपविभागीय अधिकारी व तहसीलदार, परळी, मुख्याधिकारी, परळी वैजनाथ नगरपरिषद, जलसंपदा विभाग)

विषय : येत्या पावसाळ्यापूर्वीची पूर्वतयारी आणि २०२५च्या अतिवृष्टीतील अर्धवट राहिलेले पुनर्वसन

महोदय,

परळीची ओळख राज्यभर दोन गोष्टींवरून आहे, वैजनाथ आणि थर्मल, म्हणजे औष्णिक वीज केंद्र. त्याच थर्मलचे संच २०१५मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. आमच्या आपत्तीच्या फायलीही तशाच, टंचाईच्या आहेत : टँकर, विहीर अधिग्रहण, चारा छावणी. पुराची फाईल जाड व्हायला २०२५ उजाडावे लागले. ऑगस्टमध्ये कौडगाव हुडा इथे पुराच्या पाण्यात मोटार वाहून गेली आणि एक जीव गेला. सप्टेंबरअखेर गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाचा विसर्ग तीन लाख क्युसेकच्या पुढे गेला. माजलगाव धरणातून सिंदफणेत सोडलेले पाणीही मंजरथजवळ गोदावरीलाच मिळते. या दोन्ही धरणांचे पाणी एकत्र होऊन पुढे पोहनेर, तेलसमुखच्या शिवारात येते. नदी फुगली की वाण नदीचे आणि ओढ्यांचे पाणी मागे रेटते, ते वेगळेच.

पूर थांबवा, अशी आमची मागणी नाही. तळेगावहून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल निघून परळीच्या एखाद्या वाडीवर पोहोचेपर्यंत जे काही व्हायचे ते होऊन गेलेले असते. ते पहिले काही तास गावालाच निभवावे लागतात. त्या तासांसाठी गावाच्या हातात काय असावे, एवढ्यावर हे पत्र आहे. दुसरा भाग पाणी ओसरल्यानंतरचा, आणि खरे दुखणे तिथे आहे.

१. विसर्गाचा निरोप गावाला कळेल अशा भाषेत द्यावा. ‘नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ हा संदेश मोबाईलवर येतो आणि वाचून खिशात जातो. अमुक लाख क्युसेक म्हणजे पाणी मारुतीच्या पारापर्यंत की शाळेच्या पायरीपर्यंत, हे कोण सांगणार? २०२५चे पाणी कुठवर चढले ते लोकांना अजून आठवते आहे, तोवर जलसंपदा विभागाने ग्रामपंचायतीला सोबत घेऊन नदीकाठच्या प्रत्येक गावात खुणा रंगवाव्यात आणि प्रत्येक खुणेपुढे विसर्गाचा आकडा लिहावा. पैठणला जायकवाडीतून सोडलेले पाणी आमच्याकडे लगेच येत नाही, मध्ये गेवराई, माजलगावचा पट्टा आहे. तेवढ्या वेळात जनावरे सोडता येतात, पाणी उपशाच्या मोटारी काढता येतात. त्यासाठी पोलीस पाटील व कोतवालाकडे थेट धरणावरून फोन यावा आणि बॅटरीवर चालणारा भोंगा गावात असावा, कारण पाऊस लागला की पहिली जाते ती वीज.

२. नळकांडी पूल. नळ्यांच्या तोंडाशी पऱ्हाट्या, वेड्या बाभळीच्या फांद्या आणि गोण्या अडकतात, पाणी नळ्यांतून जायचे सोडून रस्त्यावरून जाते. सगळे पूल एका वर्षात उंच होणार नाहीत, हे आम्हाला कळते. पण मे महिन्यात नळ्या मोकळ्या करणे, दोन्ही बाजूंना फुटांच्या खुणा असलेले खांब आणि साखळी लावणे, याला अंदाजपत्रकाची वाट कशाला? साखळी ओढण्याचा अधिकार गावातल्या नेमलेल्या माणसाला लेखी द्यावा. सध्या रात्री पूल बंद करणाऱ्याला गाडीवाला विचारतो, ‘तू कोण?’

३. दोर, जीवनरक्षक जाकिटे, टॉर्च आणि ‘आपदा मित्र’ धर्तीचे प्रशिक्षण नदीकाठच्या गावांतील तरुण-तरुणींना मिळावे. साहित्य गावातच राहावे. तहसीलच्या कपाटात कुलूपबंद दोराचा उपयोग नाही.

४. शहरात सरस्वती नदीची निळी आणि लाल पूररेषा आखून जाहीर करावी. पात्रालगत राहणारी कुटुंबे गरीब आहेत, त्यांना आधी पर्यायी जागा आणि मगच नोटीस, हा क्रम आमच्या लेखी ठाम आहे. बांधकामाचा राडारोडा पात्रात टाकणाऱ्यांच्या बाबतीत मात्र सबुरीचे कारण नाही. औष्णिक केंद्राच्या राखेच्या तळ्यांच्या बांधांची पावसाळ्याआधी तपासणी होऊन अहवाल लोकांसमोर यावा.

५. खरडलेली जमीन. इथे थोडे थांबून हिशेब मांडतो. जमीन खरडून गेल्यास हेक्टरी ४७,००० रुपये, म्हणजे एकरी १९,००० रुपये. काळी माती जाऊन मुरूम उघडा पडलेल्या एका एकरावर अर्धा फूट गाळ टाकायचा तर सुमारे २१८ ब्रास लागतो. भागाकार केला तर ब्रासला ८७ रुपये येतात. त्यात खोदाई, भराई, वाहतूक आणि पसरणी करून दाखवणारा ट्रॅक्टरवाला आम्हाला भेटलेला नाही.

शासनाने ऑक्टोबर २०२५च्या मदत घोषणेत रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतच्या कामाचीही तरतूद सांगितली. रक्कम बरी आहे. पण दिवाळीनंतर या तालुक्यातला मजूर ऊसतोडीसाठी कोयता घेऊन साखर कारखान्यावर गेलेला असतो. ज्याची जमीन खरडली तो आणि ज्याने माती भरायची तो, दोघेही एकाच ट्रकमध्ये बसून कोल्हापूरला! म्हणून या कामाला यंत्राची परवानगी द्यावी आणि ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत वाण धरणाचा व पाझर तलावांचा गाळ सर्वांत आधी खरडलेल्या शेतांना द्यावा.

६. याच कारणाने मदतीची कागदपत्रेही ऊसतोड टोळ्यांच्या वेळापत्रकाशी जुळवावीत. ई-केवायसी, शेतकरी ओळख क्रमांक, बँकेतील तफावत हे सगळे नेमके माणूस उसाच्या फडात असताना निघते. टोळ्या परतल्यावर गावोगावी शिबिरे घ्यावीत आणि तोवर कुणाचेही प्रकरण बंद करू नये. पंचनाम्याची यादी चावडीवर लावावी. बटईने शेती करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते, बियाणे-खताचे पैसे मात्र त्याच्याच खिशातून गेलेले असतात. मालकाच्या संमतीने ग्रामसभेने त्याची नोंद घ्यावी.

७. २०२५च्या खरिपात पीकविम्यातून स्थानिक आपत्ती व काढणीपश्चात नुकसानीचे संरक्षण वगळले गेले आणि भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगावर राहिली. नेमक्या त्याच हंगामात सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले. ज्या जिल्ह्याच्या नावाने विम्याचा ‘बीड पॅटर्न’ राज्याला माहीत झाला, त्या जिल्ह्याच्या प्रशासनाने हे संरक्षण परत देण्याची शिफारस शासनाकडे करावी. अतिवृष्टीची ६५ मिलिमीटरची अट महसूल मंडळातील पर्जन्यमापकावर मोजली जाते, पण पाऊस एका शिवारात पडतो आणि दुसऱ्यात नाही. पर्जन्यमापक गावपातळीवर हवेत.

यातील नळ्यांची सफाई, खुणा रंगवणे आणि गावातील म्हातारी, अपंग, गरोदर व एकट्या राहणाऱ्या माणसांच्या याद्या करणे ही कामे आमची संघटना श्रमदानाने करील. त्यासाठी लागतील ते रंग, एक दिवस जेसीबी आणि विभागाचा एक अभियंता.

तालुका आपत्ती व्यवस्थापनाची बैठक अक्षय्य तृतीयेपूर्वी परळीत घ्यावी, तीत नदीकाठच्या प्रत्येक गावाचा एक प्रतिनिधी असावा, आणि वरील प्रत्येक मुद्द्यावर होय, नाही किंवा कधीपर्यंत, असे लेखी उत्तर द्यावे.

आपले,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद,
परळी वैजनाथ, जि. बीड