मुलांना त्यांच्या नावाने हाक मारा! विंड रिव्हरच्या अरापाहो पालकांना जाहीर आवाहन



गेल्या आठवड्यात आपल्या एका मुलीने वर्गात आजोबांनी दिलेलं नाव सांगितलं. उत्तर मिळालं, "ते घरी ठेव, हजेरीत सोपं नाव चालेल." मुलगी खाली बसली. आणि आपण मूग गिळून बसलो!

ही 'सोय' जुनी आहे. 1881 साली आपली मुलं पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल शाळेत नेली. आपले प्रमुख शार्प नोज यांचा 14 वर्षांचा मुलगा लिटल चीफ तिथे 'डिकन्स नॉर' झाला, 11 वर्षांचा हॉर्स 'होरेस वॉशिंग्टन', 9 वर्षांचा लिटल प्लूम 'हेज व्हँडरबिल्ट फ्रायडे'. 1883 संपायच्या आत तिघेही गेले. दोघांच्या अस्थी 2017 मध्ये घरी आल्या, तिसऱ्याच्या 2018 मध्ये. तेव्हा रडलात ना? मग आज गप्प का?

नावांबरोबर भाषाही निसटते आहे: अस्खलित बोलणारे आता बहुतेक आजी-आजोबाच. रंग आणि आकडे घोकून भाषा येत नाही. म्हणूनच आपल्या लोकांनी 1994 मध्ये 'बाम्बी' चित्रपट अरापाहोत आणला, 2008 मध्ये लहानग्यांसाठी पूर्ण अरापाहोतली शाळा काढली. कुणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही!

"नावं उच्चारायला अवघड" म्हणे. शेजारच्या गावाचं 'थर्मोपोलिस' हे नाव बरं जमतं! "इंग्रजी कच्चं राहील"? इथे इंग्रजी कधी कमी पडलं? "नाव पवित्र, शाळेत कशाला?" नाव देण्याचा विधी वडीलधाऱ्यांचाच राहील, शाळेने नीट हाक मारायची, एवढंच.

आता कामाला लागा:

1. ज्या कुटुंबांची इच्छा आहे त्यांनी हजेरीत अरापाहो नाव लावण्याचा लेखी अर्ज द्यावा. तोंडी विनंती नको.
2. रोज भाषेचा तास मागा. वायोमिंगच्या 2017 च्या कायद्याने शाळांना आपल्याविषयी शिकवायला लावलं. आपल्या भाषेत शिकवणं अजून बाकी आहे.
3. वर्गात येणाऱ्या आजी-आजोबांना मानधन हवं. नुसती शाल-कॉफी पुरेशी नाही.
4. मुलाला अजून नाव नसेल तर वडीलधाऱ्यांकडे जा. विधीच्या जेवणाला, भेटवस्तूंना पैसे कमी पडले तर आमचे कार्यकर्ते उभे राहतील. आजवर राहिलेच आहेत.
5. घरी आजपासून अरापाहोतून बोला. येत नसेल तर मुलांबरोबर शिका.

शाळा मंडळाच्या पुढच्या बैठकीला झाडून सगळे या, मुलांना घेऊन या. खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर दोष शाळेला देता येणार नाही.

— भाषावर्ग चालवणारे पालक व कार्यकर्ते