मुळाक्षरांची घाई आणि मेंदूची वाढ

मंगरूळपीर येथील एका भगिनीने पत्राने आम्हांस असे विचारले आहे की, त्यांच्या सव्वातीन वर्षांच्या मुलास येत्या जूनमध्ये लेखन-वाचन शिकविणाऱ्या वर्गात घालावे किंवा कसे? ‘मेंदूची वाढ सहा वर्षांतच आटोपते, तेव्हा एकही दिवस दवडू नका,’ असे त्या वर्गाच्या पत्रकात छापले आहे म्हणे. यजमान त्यामुळे उतावीळ झाले आहेत. सासूबाई मात्र ‘पोर अजून लहान आहे’ म्हणून अडून बसल्या आहेत. हा प्रश्न घरोघरचा असल्यामुळे त्याचा विचार आम्ही येथेच करतो.

पत्रकातील विधान अर्धेच खरे आहे. नवजात अर्भकाचा मेंदू प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे पाव वजनाचा असतो आणि सहाव्या वर्षापर्यंत तो ९० टक्क्यांच्या घरात जातो. पीटर हुटेनलोकर यांनी १९७९ साली असे दाखविले की, मेंदूच्या पुढील भागातील पेशींची जोडणी पहिल्या एक-दोन वर्षांत प्रौढापेक्षाही दाट असते. पुढे जी जोडणी वापरात राहते ती दृढ होते, उरलेली झडून जाते. परंतु आकार वाढला म्हणजे घडण संपली असे नव्हे. विचार व संयम यांचा कारभार पाहणारा भाग विशीनंतरही परिपक्व होत असतो.

मग ही जोडणी दृढ होते कशाने? जमेका बेटात १९८६-८७ साली वाढ खुंटलेल्या १२९ बालकांवर एक प्रयोग सुरू झाला. त्यांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्यास तासभर जात आणि बाळाशी कसे बोलावे, घरच्याच वस्तूंनी कसे खेळावे, हे मातेस दाखवीत. वीस वर्षांनी पाहता, ज्यांच्या घरी हा खेळ पोहोचला त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक भरली. तेथे वर्ग नव्हता, की परीक्षा नव्हती.

आपल्याकडेही ही दृष्टी नवी नाही. विवाहानंतर काही काळ आपल्या वऱ्हाडातच, अमरावतीस राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांसमवेत १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. पुढे १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले. तेथे त्यांनी व अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पाने अशा फुकट मिळणाऱ्या वस्तूंनी मुलांस शिकविले. जे मूल शाळेत येईना त्याच्या अंगणात शाळा नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्या भाषेत रुजला तो याच कार्यातून.

तेव्हा आमचे सांगणे असे. त्या वर्गात एकदा स्वतः जाऊन बसावे. मुले पाटी घेऊन तासन् तास एका जागी बसविलेली दिसली, तर मुलास तेथे घालू नये. वाळू, पाणी, गाणी व गोष्टी दिसल्या, तर खुशाल पाठवावे. सासूबाईंचे म्हणणे योग्य आहे. परंतु लहान आहे म्हणून त्यास मोबाइल देऊन गप्प बसविणे हेही तितकेच घातक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या वयास दिवसाकाठी १० ते १३ तास झोप आणि पडद्यापुढे फार तर एक तास, अशी मर्यादा सांगितली आहे. घरात तूर निवडताना दाणे व खडे त्यास वेगळे करू द्यावेत, कणकेचा गोळा हाती द्यावा, त्याच्या प्रत्येक ‘का?’ला उत्तर द्यावे. बोटांत बळ आले म्हणजे अक्षर आपोआप वळणदार येते.

आणखी एक गोष्ट. केंद्र सरकारने २०१८ साली विशेष लक्ष देण्याजोग्या मागास जिल्ह्यांची जी यादी केली, तीत वाशीम होता. कापूस वेचण्यास जाणाऱ्या मातेस मुलाच्या ‘का?’ला उत्तर देण्याइतकी उसंत कोठून असणार? तिच्या मुलाचा मेंदूही याच सहा वर्षांत वाढतो. आमच्या सुशिक्षित भगिनींनी आठवड्यातून एक तास काढून जवळच्या अंगणवाडीत, तेथील सेविकेस विचारून, गोष्ट सांगावी. जाताना आपल्या मुलासही बरोबर न्यावे. त्यास खेळगडी मिळतील.