एमबी दाखवा म्हणा

माझ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज लिहून घ्यायला जे येतात, त्यांचं पहिलं वाक्य बहुधा ‘का’चं असतं. “काकू, आमच्या समोरचा सिमेंट रस्ता घराच्या ओट्यापेक्षा उंच का केला, ते विचारा ना त्यांना.” “मॅडम, गडर लाइनचं काम अर्धवट का सोडलं, एवढंच लिहा.” त्यांचा राग खरा असतो. पावसाचं पाणी खरोखरच बैठकीत शिरलेलं असतं, सोफ्याचे पाय फुगलेले असतात. तरीही मी त्यांना सांगते, हा प्रश्न असाच पाठवला तर ‘खुलासा मागता येत नाही’ असं एका ओळीचं उत्तर येईल, आणि ते उत्तर कायद्याला धरून असेल.

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये डॉ. सेल्सा पिंटो यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. जे नोंदीत आहे ती माहिती. अमुक गोष्ट का केली याचं समर्थन अर्जाद्वारे मागता येत नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या निकालात सांगितलं की कार्यालयाकडे जे आहे ते द्यायचं, नसलेलं नव्याने तयार करून देण्याची सक्ती नाही.

अनेकांना हा अन्याय वाटतो. मला वाटत नाही. माझी सगळी नोकरी स्थानिक निधी लेखापरीक्षेत झाली. नगरपरिषदा, पंचायत समित्या यांचे हिशेब तपासायचे आणि जिथे शंका येईल तिथे अर्धसमास, म्हणजे लेखी आक्षेप, काढायचा, हेच काम. तिथे एक गोष्ट पक्की कळली. साहेबाला कारण विचारलं की तो बोलायला लागतो, आणि बोलणं दुसऱ्या दिवशी बदलता येतं. कागदावर तारीख असते, सही असते, खालच्या सहीवर वरची सही असते. तो सहजासहजी बदलत नाही. म्हणून मी लोकांना म्हणते, कारण विचारू नका, एमबी दाखवा म्हणा.

एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका. रस्ता, नाली, समाजभवन, बगिच्याची भिंत, काहीही बांधलं की कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन मोजतो आणि पुस्तिकेत लिहितो. लांबी इतकी, रुंदी इतकी, जाडी इतकी, त्यावरून परिमाण इतकं. पुस्तिकेला क्रमांक असतो, पानांना क्रमांक असतात, मोजणीची तारीख असते. वरच्या अभियंत्याने त्यातली काही मोजमापं पुन्हा तपासून सही करायची असते. कंत्राटदाराच्या देयकात याच पुस्तिकेचा आणि पानाचा हवाला द्यावा लागतो, त्याशिवाय पैसे निघत नाहीत. म्हणजे सरकारी तिजोरीतून रुपया बाहेर पडतो तो या पानावरून. विदर्भातल्या एका छोट्या नगरपरिषदेत, नाव सांगत नाही, एकाच गल्लीतली एकच नाली दोन वेगवेगळ्या एमबीत चढलेली आम्हाला सापडली. दोन पुस्तिका शेजारी ठेवून वाचल्या, एवढंच आम्ही केलं होतं. त्या गल्लीत राहणारा कोणीही माणूस हे आमच्याआधी पकडू शकला असता. त्याला तर नाली रोज दिसत होती.

उंच रस्त्याच्या तक्रारीतही तेच. अंदाजपत्रकासोबतचा नकाशा काढा, त्यात रस्त्याची मंजूर पातळी दिसेल. जुना डांबरी थर खोदून काढण्याची बाब अंदाजपत्रकात धरली आहे का, ते बघा. धरली असेल तर एमबीत त्या खोदकामाचं मोजमाप चढलं आहे का, बघा. खोदकामाचे पैसे निघाले आणि रस्ता मात्र जुन्या डांबरावरच ओतलेला असेल, तर ‘का’चं उत्तर तुमच्या हातात आलंच. कार्यादेशही मागा. त्यात दोषदायित्वाचा कालावधी लिहिलेला असतो. त्या काळात रस्ता फुटला तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. हे ठाऊक नसल्यामुळे लोक नगरसेवकाकडे नवीन निधी मागत बसतात.

कायद्यातली आणखी एक तरतूद फार थोड्यांनी वाचली आहे. माहिती अधिकार म्हणजे नुसत्या झेरॉक्स नव्हेत. कलम २(ञ) प्रमाणे तुम्ही चालू कामाची पाहणी करू शकता, अभिलेख बघून टिपणं काढू शकता आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागू शकता. तुमच्या दारातल्या काँक्रीटचा नमुना मागण्याचा हक्क संसदेने तुम्हाला २००५ पासून दिलेला आहे.

आता सोमवारची गोष्ट. राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने २६ नोव्हेंबर २०१८ ला एक परिपत्रक काढलं. महापालिका, जिल्हा परिषदा, जिल्हाधिकारी कार्यालयं अशा ठिकाणी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहायला उपलब्ध करून द्यावेत, असं त्यात सांगितलं. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याआधीच सुरू होती आणि तिथल्या कार्यकर्त्यांनी ती नेटाने वापरली. अर्ज आणि अपिलं कमी व्हावीत हा परिपत्रकाचा हेतू, आणि तो रास्त आहे. एक फाइल समोर ठेवून अर्धा तास वाचली की दहा अर्जांचं काम होतं. नेमकं कोणतं पान हवं ते कळतं, मग त्याच पानाची साक्षांकित प्रत दोन रुपयांत घ्यायची. नागपुरात या परिपत्रकाची माहिती असलेले लोक मला फार कमी भेटले. आपल्या महापालिकेचे दहा झोन आहेत, लक्ष्मीनगरपासून मंगळवारीपर्यंत. प्रत्येक झोनच्या दर्शनी भिंतीवर सोमवारची वेळ आणि जन माहिती अधिकाऱ्याचं नाव ठळक लिहावं, अशी माझी महापालिका आयुक्तांना जाहीर विनंती आहे. याला निधी लागत नाही, रंगाचा एक डबा लागतो.

सोमवारी जायचं नसेल तर पाहणीसाठी साधा अर्जही करता येतो. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नको. राज्याच्या २०१२ च्या नियमांमुळे अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. या मर्यादेवर टीका झाली आणि ती मला पटते, कारण कमी शिकलेल्या माणसाला आपलं म्हणणं थोडक्यात मांडणं सर्वांत अवघड जातं. पण कागद मागायला दीडशे शब्द पुरतात. कामाचं नाव, ठिकाण, वर्ष आणि कोणकोणते अभिलेख बघायचे, एवढं लिहिलं की झालं. माहिती कशासाठी हवी हे कोणी विचारलं तर सांगायचं बंधन नाही.

नागपूरकराची खरी अडचण वेगळीच असते. रस्ता कोणाचा, हेच त्याला माहीत नसतं. महापालिकेचा की नागपूर सुधार प्रन्यासचा (नासुप्र), सार्वजनिक बांधकाम विभागाचा की महामार्ग प्राधिकरणाचा? ५७२ आणि १९०० ले-आउटमधल्या लोकांनी तर आरएलच्या, म्हणजे भूखंड नियमित केल्याच्या, कागदासाठी किती वर्षं घालवली, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. कुठल्याही टेबलावर गेलं की बोट पलीकडच्या इमारतीकडे. यावर कलम ६(३) आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्याच कार्यालयाने पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवायचा आणि तुम्हाला कळवायचं. फिरण्याचं काम अर्जाचं आहे, तुमचं नाही. अर्जाच्या शेवटी या कलमाचा उल्लेख न विसरता करा.

हे सगळं रस्त्या-नालीपुरतं आहे असं कोणी समजू नये. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूर विसरलेलं नाही. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी लोकांच्या घरांतून वाहिली, माणसं गेली, कॉर्पोरेशन कॉलनीपासून सीताबर्डीपर्यंत संसार चिखलात गेले. नंतर प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आलं आणि तलावाच्या सांडव्यासमोर बांधलेल्या स्मारकावर वाद झाला. परवानगी कोणी दिली, नकाशा कोणी मंजूर केला, तलावाची सुरक्षितता कोणी तपासली? या सगळ्याचे कागद पुराच्या आधीही कुठल्यातरी कपाटात असणारच. सांडव्यासमोर काय उभं राहतंय हे काठावरच्या वस्तीला दिसतच होतं. परवानगीची फाइल वेळेत उघडून पाहण्याची सवय या शहराला असती, तर निदान प्रश्न तरी पाणी चढण्याआधी विचारले गेले असते. कोणाला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. आज शहरात जी कामं चालू आहेत, त्यांच्या फाइली आजच बघा, एवढंच माझं म्हणणं आहे.

कधी कधी उत्तर येतं, ‘सदर अभिलेख आढळून येत नाही.’ तिथे थांबू नका. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार सरकारी अभिलेख परवानगीशिवाय नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रथम अपिलात लिहा की फाइल गहाळ असेल तर जबाबदारी निश्चित करून गुन्हा नोंदवा. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील करायचं असतं, आणि मुदत टळली की कागद फुकट द्यावे लागतात.

त्यापुढे माहिती आयोग आहे आणि तिथे खरोखर खचायला होतं. सतर्क नागरिक संगठनच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे महाराष्ट्राच्या आयोगापुढे एक लाखाहून जास्त अपिलं आणि तक्रारी पडून होत्या, देशात सर्वाधिक. नागपूरला आयोगाचं खंडपीठ आहे ही सोय मोठी, पण पेन्शनर माणसाने निकालासाठी वर्षानुवर्षं वाट पाहायची हा न्याय नव्हे. म्हणूनही माझा भर पाहणीवर आहे.

आता या पाहणीवरच नवं सावट आलं आहे. विदर्भातल्याच एका प्रकरणात, अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात काम केलेल्या अधिकाऱ्याबद्दल मागितलेली माहिती २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैयक्तिक ठरवली. गिरीश देशपांडे निकाल म्हणून तो प्रसिद्ध आहे, आणि तेव्हापासून नकाराच्या पत्रांत त्याचा आधार घेतला जातो. तरी त्या वेळी कलम ८(१)(ञ) मध्ये व्यापक जनहिताचा दरवाजा होता, आणि विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं अभय होतं. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने हे दोन्ही त्या कलमातून काढून टाकले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल लागू झाला. उद्या एमबीवर सही करणाऱ्याचं नाव ‘वैयक्तिक’ म्हणून झाकलं गेलं, तर एमबी बघून उपयोग काय? सार्वजनिक पैशावर सही करणारा माणूस त्या सहीपुरता खाजगी नसतो. ही दुरुस्ती मागे घेतली पाहिजे. तोवर अर्जात कलम ८(२) लिहा, जनहित मोठं असेल तर माहिती देण्याची मुभा तिथे अजून शाबूत आहे.

अधिकारी मला भेटले की एकच तक्रार करतात, काही लोक या कायद्यावर खंडणी वसूल करतात. तसे लोक आहेत, मी पाहिले आहेत. दुसऱ्या बाजूला तळेगावच्या सतीश शेट्टींसारखे जमिनींचे गैरव्यवहार उघड करणारेही होते, त्यांचा २०१० मध्ये खून झाला. खंडणीखोराचं भांडवल एकच, त्याच्याकडे असलेला कागद इतरांकडे नाही. प्रत्येक झोनचे कार्यादेश, एमबीची पानं आणि देयकं महापालिकेने संकेतस्थळावर टाकली तर त्याच्याकडे विकायला काही उरणार नाही, आणि माझ्यासारखीकडे अर्ज लिहायलाही कोणी येणार नाही. हे कोणी मागायची वाट न पाहता करणं कलम ४ प्रमाणे बंधनकारक आहे. त्यासाठी कायद्याने कार्यालयांना १२० दिवस दिले होते. ती मुदत ऑक्टोबर २००५ मध्ये संपली.