ऐकवणारी माणसे नेमा

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १२ सप्टेंबर २०२४ रोजी ॲपलच्या एअरपॉड्स प्रो २ या इअरबडमधील सॉफ्टवेअरला श्रवणयंत्र म्हणून मान्यता दिली आणि कानाचे मशीन बसवून देणाऱ्यांचा व्यवसाय संपला, असे बोलले जाऊ लागले. मोबाइलवर पाच मिनिटांत चाचणी, तिच्या निकालानुसार आपोआप जुळणारा आवाज. ११८ जणांच्या चाचणीत स्वतः यंत्र जुळवणाऱ्यांना तज्ज्ञाकडून जुळवून घेणाऱ्यांइतकाच फायदा जाणवला, हे मान्य. पण ही मान्यता फक्त १८ वर्षांवरील, सौम्य ते मध्यम स्वरूपात कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आहे. ही अट चर्चेतून गळाली की आपल्या सरकारला सोयीचा निष्कर्ष उरतो : यंत्र आले, माणूस नको. तो साफ चुकीचा आहे. यंत्रे जितकी स्वस्त होतील, तितकी ती नीट लावून देणारी माणसे अधिक लागतील.

नुसता आवाज मोठा करणे हे श्रवणतज्ज्ञाचे काम नव्हेच. कानात मळ साचला आहे, पडद्याला भोक आहे की आतली नस कमजोर झाली आहे, हे आधी ठरवावे लागते. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मशीन विकत न घेता तातडीने डॉक्टर गाठायचा असतो. हे वेळेवर सांगणारे कोणी लागते. नस कमजोर झालेल्याला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा सोसत नाही. मशीनचा साचा कानात नीट बसला नाही, तर मशीन शिट्टी मारते. भांड्यांच्या खणखणाटाने हैराण झालेल्या आजीला धीर देऊन पुन्हा पुन्हा जुळवणी करून द्यावी लागते. नाहीतर मशीन कपाटात जाते. केवळ खोके विकणाऱ्याचे दुकान बंद होईल, व्हावेही. पण फ्रे आणि ऑस्बर्न या ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ७०२ व्यवसायांना यांत्रिकीकरणाचा किती धोका आहे हे मोजले, तेव्हा श्रवणतज्ज्ञ सर्वांत सुरक्षित पाचांत होते, ते याच कामामुळे.

आपल्याकडे या व्यवसायाला खरा धोका आहे तो सरकारी अनास्थेचा. बाळ जन्मल्यावर महिन्यात कानांची तपासणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपचार सुरू व्हायला हवेत, हा जगभर मान्य झालेला दंडक आहे. तो चुकला की मुलाची भाषाच मागे पडते. तान्ह्या बाळाला बटण दाबायला सांगता येत नाही. आवाजाला नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात हे टिपणारी बेरा चाचणी करणारा, तिचा आलेख वाचणारा आणि आईला पुढची वाट दाखवणारा माणूसच लागतो. बहिरेपण प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६ पासून कागदावर आहे. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून श्रवणतज्ज्ञ घडवते आहे. तरीही तालुक्याच्या माणसाला कान तपासायला शहर का गाठावे लागते? शिबिरात मशीन वाटायचे, छायाचित्र काढायचे आणि पुढच्या जुळवणीला कोणी नेमायचे नाही, याला सेवा म्हणत नाहीत.

ही खोड केवळ कानांपुरती नाही. शिक्षक नेमायचे नाहीत म्हणून ॲप, डॉक्टर नेमायचे नाहीत म्हणून पडद्यावरचा सल्ला. यंत्र माणसाच्या हाती द्यायचे असते, रिकाम्या खुर्चीवर ठेवायचे नसते. दुसरीकडे कान बिघडवणाऱ्यांना मोकळे रान आहे. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा कायद्यात असताना विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात आणि पोलिस बघत राहतात.

२०५० पर्यंत जगात अडीचशे कोटी लोकांना कमी-अधिक बहिरेपण असेल, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांच्यासाठी इअरबड पुरतील, असे सांगणाऱ्या कोणत्याही मंत्र्यावर विश्वास ठेवू नये. प्रत्येक जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात पूर्णवेळ श्रवणतज्ज्ञ नेमा, कायम पगारावर नेमा. ज्या शिबिराला फेरतपासणीची तारीख नाही, त्याला सरकारी पैसा देऊ नका. यंत्रे बाजारात हवी तेवढी मिळतील. माणसे नेमण्याची जबाबदारी मात्र सरकारचीच आहे.