लेखक दुकानात यावा

दिवाळी आली की आमच्या काही साहित्यिकांना खेड्याची आठवण होते, आणि ‘खेड्यात वाचक उरला नाही’ हे ठरलेले रडगाणे सुरू होते. हे साफ खोटे आहे. मी भूम तालुक्यातल्या ईट गावी मास्तरकी करतो आणि कादंबऱ्या लिहितो. शिक्षण दहावीपर्यंतचे, पुढचे सारे पुस्तकांनी केले. म्हणून सांगतो, खेड्यात वाचक आहे. त्याच्या नजरेस पुस्तक पडत नाही.

आमच्याकडे पुस्तकाचे दुकान म्हणजे काय? वह्या, गाइड, अपेक्षित प्रश्नसंच, स्पर्धा परीक्षांचे ठोकळे, चार पोथ्या आणि दोरीला टांगलेले प्लास्टिकचे चेंडू. कादंबरी मागितली की दुकानदार म्हणतो, “गुरुजी, ती घेणार कोण?” त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. एकटी प्रत मागवावी तर टपालखर्चातच त्याची कमाई बुडते, आणि न खपलेली प्रत बहुधा त्याच्याच गळ्यात पडते. इकडे शहरातल्या प्रदर्शनात मात्र गिऱ्हाइकाला सवलतीवर सवलत! मग त्याने चेंडू विकले तर बिघडले कुठे?

जानेवारी २०२० मध्ये ९३ वे मराठी साहित्य संमेलन उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला भरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. मराठवाड्याच्या या कोपऱ्याला त्याचा अभिमान वाटावा हे योग्यच. पण तीन दिवसांनी मांडव उतरतो, पुस्तकांचे गाळे ट्रकात चढतात. मागे काय राहते? लेखक पाहायचा तो दुरून, हारतुऱ्यांच्या आड. आमच्या मुलांना तर लेखक म्हणजे पाठ्यपुस्तकात नावापुढे जन्ममृत्यूची साले छापलेला माणूस. वर्गातल्या एका मुलीने मला सरळ विचारले, “गुरुजी, जिवंत माणसाचा धडा असतो का?” मला हसू आले नाही.

हे काम पुस्तकविक्रेत्याने करावयाचे असते, आणि मराठीत ते झालेले आहे. गिरगावात मॅजेस्टिक बुक स्टॉल चालवणारे केशवराव कोठावळे विद्यापीठातले पंडित नव्हते, पुस्तके विकणारे गृहस्थ होते. त्यांनी १९६४ मध्ये पुस्तकांनाच वाहिलेले ‘ललित’ मासिक काढले. पुढे मॅजेस्टिकने पार्ल्यात लेखक आणि वाचक समोरासमोर बसवले. नाव काय ठेवले? व्याख्यानमाला नव्हे, ‘मॅजेस्टिक गप्पा’! पार्ल्याला जे रुचले ते भूमला कडू लागेल, असे कोणी ठरवले?

दुकान बुडायला आले तर लेखकच ते उचलून धरतात, हेही घडलेले आहे. पॅरिसमध्ये सिल्व्हिया बीच या बाईने १९१९ मध्ये ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ नावाचे दुकान उघडले. पुढच्या मंदीत ते बंद पडायच्या बेतास आले. तेव्हा आंद्रे जीद प्रभृती पुढे सरसावले, दुकानाच्या मित्रांचे वर्गणीदार मंडळ निघाले, आणि खुद्द जीद, एलियट, हेमिंग्वे दुकानातच आपले लेखन वाचून दाखवू लागले. युद्धापर्यंत ते दुकान तगले. इतक्या मोठ्या माणसांना दुकानात उभे राहून वाचण्यात कमीपणा वाटला नाही. आमच्याकडे विमानाचे तिकीट आधी ठरते, विषय मागाहून!

दोष एकट्या लेखकांचा नाही. आम्ही गावकरी मिरवणुकीतल्या भोंग्यांसाठी हजारोंनी वर्गणी काढतो. पुस्तकाचे नाव निघाले की खिसा शिवतो. शेव-चकलीला लागणारे तेल आणि दोन कादंबऱ्या यांची किंमत एकदा घरोघरच्या गृहिणींनीच ताडून पाहावी.

माझे मागणे फार नाही. प्रकाशकांनी गावच्या दुकानदाराला वीस पुस्तके परतीच्या बोलीवर द्यावीत. लेखकाने बाजाराच्या दिवशी यावे, गाइडांच्या गठ्ठ्यांशेजारी स्टूल घेऊन बसावे आणि तासभर वाचावे. पोरे, बाया, खव्याच्या भट्टीवरून आलेला गडी, कोणीही मध्येच उठून प्रश्न विचारील. अध्यक्ष नको, सूत्रसंचालक नको, शाल तर मुळीच नको. चहा दुकानदाराचा, एसटीचे भाडे आमचे.